रद्द झालेल्या मशीनचा लाल शिक्का

निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली, पण प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली ती पाकिटं अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोक्यावर दगड खाल्ला. त्यातलं बरंचसं विसरलो. हे प्रकरण त्यामानाने किरकोळच. तरी त्या गणपतीच्या दिवसांत मी जितका घाबरलो, तितका पुढे कधी घाबरलो नाही. नाव मी कुणाचंच घेणार नाही. माणसं हयात आहेत आणि त्यांनी कुणाचं वाईट केलेलं नाही.

मी तेव्हा गिरणगावातल्या एका पोलीस ठाण्यात पोलीस निरीक्षक, गुन्हे, या पदावर होतो. गणपतीत आमच्याकडे रजा हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. लालबागच्या रस्त्यावर माणसांचा पूर लोटलेला असतो, अर्धी फौज बंदोबस्तावर, उरलेली ठाण्यात पाकीटमारीच्या तक्रारी घेत बसलेली. हरवलेली मुलं एका बाकावर, त्यांना शोधणाऱ्या आया दुसऱ्या बाकावर, आणि मध्ये आमचा ठाणे अंमलदार घसा फोडून ओरडतोय. अशा गडबडीत टपाल खात्याच्या दक्षता शाखेचे एक अधिकारी माझ्या केबिनमध्ये आले. त्यांनी दार स्वतः लोटून घेतलं तेव्हाच माझ्या कपाळावर आठी चढली. ‘आता हे काय नवीन लचांड?’ असं मी मनात म्हटलं.

त्यांनी माझ्यापुढे एका पाकिटाचा फोटो ठेवला. कोपऱ्यात फ्रँकिंगचा लाल रंगाचा छाप होता. हे फ्रँकिंग म्हणजे काय, ते आधी सांगतो. ज्या कचेऱ्यांना ढिगाने पत्रं पाठवायची असतात त्या तिकिटं चिकटवत बसत नाहीत. त्यांच्याकडे मशीन असतं. पोस्टात पैसे भरले की पोस्ट तेवढी रक्कम मशीनमध्ये चढवून देतं. पाकीट आत सरकवलं की त्यावर किंमत, तारीख आणि परवाना क्रमांक उमटतो. तो छाप म्हणजेच तिकीट. जुनी मशीनं हँडलची असत. मग डिजिटल आली. ती थेट पोस्टाच्या यंत्रणेला जोडलेली असतात आणि छापाबरोबर ठिपक्यांचा एक चौकोन उमटवतात, म्हणजे नक्कल करायची सोय नाही. टपाल खात्याने जुना छाप टप्प्याटप्प्याने बंद केला. जुनी मशीनं आणून जमा करायची, पोस्टाची माणसं त्यांचा ठसा फोडून टाकणार, असा हुकूम.

“हा छाप रद्द झालेला आहे,” ते अधिकारी म्हणाले. “आणि अशी पाकिटं आम्हाला रोज सापडतायत. परळच्या पेटीत, दादरच्या पेटीत, भायखळ्याला, पार ठाण्यापर्यंत. फ्रँक केलेलं टपाल साध्या पेटीत टाकायचंच नसतं, ते ठरलेल्या काउंटरवर द्यावं लागतं. म्हणजे टाकणाऱ्याला काउंटरवर तोंड दाखवायचं नाही.”

“बनावट तिकिटांचा धंदा?”

“नुसता तेवढाच असता तर मी दार लावलं नसतं.” त्यांनी आवाज खाली आणला. “काही पाकिटांत पावडर आहे, साहेब.”

पाकिटं चाचपली की आत कागदाची पुडी लागत होती आणि पुडीत काहीतरी भुकटी सरकत होती. एक पाकीट सॉर्टिंगमध्ये फाटलं आणि टेबलावर करड्या रंगाची चिमूटभर पूड सांडली. पोस्टाच्या माणसांचं धाबं दणाणलं. त्यांनी ती एकात एक पिशव्या घालून बांधून ठेवली होती. वास घेऊन बघायची कुणाची छाती नव्हती, आणि घेऊ नये अशीच सूचना होती. बाकीची पाकिटं फोडायची तर रीतसर परवानगी हवी, कारण टपाल म्हणजे दुसऱ्याची मालमत्ता. पाठवणाऱ्याचा पत्ता एकावरही नव्हता. बहुतेक पाकिटं कोकणातल्या गावांना निघालेली.

मी एसीपी साहेबांना कळवलं. ते बंदोबस्ताच्या नकाशावर वाकले होते, ते तसेच सरळ झाले. “ही गोष्ट बाहेर फुटली तर काय होईल कळतंय ना? लालबागच्या गर्दीत कुणी नुसतं ‘पावडर’ म्हणून ओरडलं तरी माणसं माणसांना तुडवतील.” मला कळत होतं. म्हणूनच रात्रीची झोप उडाली. आमच्या घरचा पाच दिवसांचा गणपती, बायकोने मोदक पुढे केला, तो हातातच राहिला. “तब्येत बरी नाही का?” तिने विचारलं. मी नुसती मान हलवली. घरच्यांना सांगण्यासारखं ते नव्हतं.

छापावरच्या परवाना क्रमांकामुळे मशीन कुणाचं ते लगेच समजलं. लालबागच्या एका गल्लीतली छोटी मेलिंग एजन्सी. सोसायट्यांच्या नोटिसा, कंपन्यांचे अहवाल, लग्नपत्रिका घड्या घालून, पाकिटात भरून, फ्रँक करून पाठवायचं काम. मालकाने बघताच हात झटकले. “नवीन डिजिटल मशीन घेतलंय मी, हे बघा. जुनं जमा करायला ऑपरेटरला सांगितलं होतं. त्याने केलं नसेल तर माझा काय दोष? पन्नाशी उलटलेला माणूस, इतकी वर्षं माझ्याकडे. असा निघेल असं वाटलं नव्हतं हो.”

त्या मालकाचा मला पहिल्या भेटीतच राग आला. पण रागावर तपास चालत नाही.

ऑपरेटरला मी ठाण्यात बोलावून घेतलं. घोडपदेवच्या चाळीत राहणारे गृहस्थ. इस्त्री केलेला पांढरा शर्ट, बारीक अंगकाठी, बोटांच्या पेरांत मुरलेली लाल शाई. वडील गिरणीत होते, हे नोकरीत लागले आणि जन्मभर ते एकच मशीन चालवलं. खुर्ची दिली तरी टोकावर बसले.

“मशीन कुठे आहे?” मी विचारलं.

“माझ्या हातून गेलं, साहेब.”

“गेलं म्हणजे? चोरीला गेलं? विकलंत?”

“विकलं नाही. चोरीला पण नाही.”

“मग कुणाला दिलंत?”

ते टेबलाकडे बघत राहिले. “ते मी नाही सांगणार. जे काय असेल ते माझ्या नावावर लिहा.”

माझा पारा चढला. “अहो, तुम्हाला काही कल्पना आहे का? हा चार तिकिटांचा मामला नाही. त्या पाकिटांत काय जातंय ठाऊक आहे तुम्हाला?”

“पाकिटांत?” त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. चेहऱ्यावर खराखुरा गोंधळ होता. “कसली पाकिटं?”

त्या प्रश्नाने मी जास्तच बेचैन झालो. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा मला ओळखता येतो, निदान तेव्हा तरी येत होता. चोर भरपूर बोलतो. आईची शपथ घेतो, देवाची घेतो, मध्येच पाणी मागतो, दुसऱ्याच कुणाचं तरी नाव पुढे करतो. हे गृहस्थ पाणीसुद्धा मागत नव्हते. पाकिटांचं त्यांना काही माहीत नव्हतं, आणि मशीन कुठे आहे ते पक्कं माहीत होतं. म्हणजे मशीन ज्याच्याकडे होतं, तो यांना अंधारात ठेवून काहीतरी करत होता. आणि हे त्याला पाठीशी घालत होते.

माझा हवालदार जुना, तापट गडी. तो म्हणाला, “साहेब, जरा आवाज चढवू का?” मी नको म्हटलं. त्या माणसाला दरडावून उपयोग नव्हता. तोंडाला कुलूप लावून बसलेल्या माणसाशी आरडाओरडा केला की कुलूप अजून घट्ट होतं.

मी त्यांना सकाळी बोलवायचो, संध्याकाळी सोडायचो. एजन्सी झडती घेऊन पालथी घातली, त्यांच्या खोलीतही जाऊन आलो. बाबासाहेबांच्या फोटोखाली मुलीच्या पदवीचा फोटो, एका कोपऱ्यात शिलाई मशीन, सगळं लख्ख. फ्रँकिंग मशीनचा पत्ता नाही. फाटलेल्या पाकिटाची पूड प्रयोगशाळेत पाठवली, पण गणपतीच्या धामधुमीत अहवाल कधी येईल याचा भरवसा नव्हता. श्वानपथकाचा कुत्रा आणला. त्याने पाकिटं हुंगली, जांभई दिली आणि आपल्या माणसाच्या पायाशी जाऊन बसला. स्फोटक नाही, अमली पदार्थ नाही, एवढं समजलं. एसीपी साहेब म्हणाले, “मग आहे काय? विष आहे का?” कोकणातल्या पत्त्यांवर चौकशी करायला तिथल्या ठाण्यांना कळवलं होतं, पण तिकडेही गणपतीच. कोण लगेच उत्तर देतंय!

अशातच त्यांची मुलगी ठाण्यात आली. वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन. एका खासगी कंपनीत नोकरी करणारी, चटपटीत मुलगी. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, “सर, माझे पप्पा कुणाची टाचणी उचलणार नाहीत. तुम्ही चुकीच्या माणसाला धरलंय.”

“धरलेलं नाही. विचारतोय. ते सांगत नाहीत.”

ती वडिलांकडे वळली. “पप्पा, सांगून टाका ना काय ते! आधीच किती टेन्शन आहे. त्यांच्या घरचे आत्ता कुठे हो म्हणालेत. तुमच्या नावाने काही झालं तर...” ती माझ्याकडे बघून म्हणाली, “माझं लग्न ठरलंय, सर. तो चिंचपोकळीला राहतो. फायर ब्रिगेडमध्ये सिलेक्शन झालंय त्याचं. पोलीस व्हेरिफिकेशन तेवढं बाकी आहे.”

“तू घरी जा,” ते गृहस्थ एकदम म्हणाले. आवाज इतका चढला की बाहेरचा शिपाई आत डोकावला. तुरुंगाचं नाव काढलं तेव्हा जो माणूस हलला नव्हता, त्याच्या हातातली गोळ्यांची पट्टी आता निसटली. मुलगी रडवेली होऊन निघून गेली.

मी ती पट्टी उचलून त्यांच्या हातात दिली. काहीतरी हाताला लागलंय असं वाटत होतं, पण काय ते समजत नव्हतं. ते मुलीच्या लग्नासाठी घाबरले असतील, कुठलाही बाप घाबरेल. मी एवढंच विचारलं, “होणारा जावई चांगला आहे?”

“सोन्यासारखा पोरगा आहे,” ते म्हणाले.

संध्याकाळी एसीपी साहेबांचा फोन आला. “उद्या सकाळी गुन्हा नोंदवून मोकळे व्हा. नंतर सगळी फौज विसर्जनाला लागेल. ऑपरेटरला आरोपी करा, अटक करा. मशीन कुठे आहे ते मग कोठडीत सांगेल.”

हुकूम चुकीचा नव्हता. पण एफआयआरमध्ये एकदा नाव गेलं की ते धुऊन निघत नाही, हे आमच्या खात्यातल्या माणसाइतकं कुणाला ठाऊक असणार? पुढे कोर्ट निर्दोष सोडो, नाहीतर आम्ही स्वतः प्रकरण बंद करायची समरी पाठवो, शेजारीपाजारी आणि सोयरे यांच्या लेखी तो माणूस गुन्हेगारच राहतो. शिवाय त्यांना आत टाकून पाकिटं थांबणार नव्हती. मशीन कुणाच्या तरी हातात सुरूच होतं. त्या रात्री मी जेवलो की नाही तेही आठवत नाही.

सकाळी पोशाख चढवत होतो तेवढ्यात टपालवाल्या साहेबांचा फोन. “अजून एक सापडलंय. पुडी आहे आत. आणि पत्ता परळच्या हॉस्पिटलचा आहे. वॉर्डातल्या एका पेशंट बाईच्या नावावर.”

हॉस्पिटल! एसीपी साहेबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी अख्खा वॉर्ड रिकामा करायला लावला असता. मी त्यांना म्हटलं, गुन्हा दुपारी नोंदवतो, मला सकाळ द्या. ते काहीतरी पुटपुटले, मी फोन ठेवला. साध्या कपड्यांत, हवालदाराला घेऊन हॉस्पिटल गाठलं. पाकीट अर्थातच बरोबर नेलं नव्हतं.

बाई साठीच्या पुढच्या, मालवणकडच्या. उपचारांनी केस गेलेले, डोक्याला रुमाल. खाटेवर बसून चहात बिस्कीट बुडवत होत्या. मी शेजारी स्टुलावर बसलो. मुंबईत कोण ओळखीचं आहे, कुणाशी वैर वगैरे आहे का, असं हळूहळू विचारायचं ठरवून गेलो होतो. मी म्हटलं, “मावशी, तुमच्या नावाने पोस्टात एक पाकीट आलंय.”

त्यांचा चेहरा खुलला. “अंगारो इलो काय? तुमी पोस्टातले? मगे दिया मां हय!”

मी बघतच राहिलो. “काय आलं?”

“अंगारो रे बाबा, गणपतीचो! भाच्यान माका फोन केल्यान. म्हणालो, मावशे, तुका येवक जमाचा नाय, म्हणान अंगारो पोस्टान धाडलंय. मी कालपासून वाट बघतंय.”

हवालदार माझ्याकडे बघायला लागला, मी हवालदाराकडे. करड्या रंगाची पूड, कागदाच्या पुडीत. उदबत्तीची राख. आम्हां सगळ्यांच्या देव्हाऱ्यात एका वाटीत असते ती. परीक्षेला जाताना आईने माझ्या कपाळाला किती वेळा लावली होती! पण ती लाल शिक्क्याच्या बेकायदा पाकिटात आली, पिशव्यांत बांधून आली, म्हणून आमच्यातला एकही शहाणा तिच्याजवळ नाक नेत नव्हता. मला हसायला आलं नाही.

“कुठल्या गणपतीचा, मावशी?”

“चिंचपोकळेच्या गल्लीतलो. थंय म्हणे टपालाचो देखावो केलेलो आसा. पाकिटार शिक्को मारून देतत.”

चिंचपोकळी. मुलीचं बोलणं कानात घुमलं आणि मी स्टुलावरून उठलोच.

गल्ली अरुंद, मंडळ लहान, पण रांग गल्लीच्या तोंडापर्यंत आलेली. देखाव्याचं नाव होतं ‘हरवत चाललेलं टपाल’. पुठ्ठ्याची लाल पेटी, मोटारवर मान हलवणारा प्लास्टरचा पोस्टमन, तारेचा खटखट आवाज. आणि मूर्तीच्या डाव्या हाताला, टेबलावर, हॅलोजनच्या झगझगीत उजेडात, झेंडूची माळ घातलेलं आमचं फ्रँकिंग मशीन. ज्याच्यासाठी मी झडत्या घेत होतो, ते हजारो लोकांनी पाहून झालं होतं. एक तरुण हँडल फिरवत होता. दर्शन घेऊन येणाऱ्याला पाकीट मिळायचं, त्यावर त्या दिवसाच्या तारखेचा लाल छाप. आठवण म्हणून घरी न्यायचं. पण आपली माणसं! शिक्का आहे म्हणजे तिकीट आहे, असं धरून कुणी त्यात अंगारा भरला, गावच्या आजारी आत्याचा पत्ता लिहिला आणि घरी जाताना दिसेल त्या पेटीत टाकलं. दर्शनाला मुंबईभरातून येतात, म्हणून पाकिटं मुंबईभर. ती आमची टोळी! रांगेवर बंदोबस्ताला आमचाच एक शिपाई होता. मला बघून त्याने सलाम ठोकला आणि त्याच्या खिशातून तसलंच पाकीट डोकावलं.

“तुझ्या आईला पाठवणार होतास?” मी विचारलं.

“हो साहेब,” तो बिचारा म्हणाला. “का? काय झालं?”

त्या तरुणाला मी बाजूला घेतलं. कोण आहे ते सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, पण पळायचा विचारही त्याच्या डोळ्यांत आला नाही. “काकांना पकडलंय का? मला तर ते म्हणाले, कामाचा लोड आहे, फोन करू नको.” म्हणजे त्या गृहस्थांनी त्यालाही काही कळू दिलं नव्हतं. आणि मुलीला बिचारीला मशीनचं माहीत नव्हतं. तिघंही एकमेकांना सांभाळत बसलेले, आणि मध्ये आमची झोप उडालेली.

गर्दीला काही कळू न देता देखाव्याचा पडदा ‘दुरुस्तीसाठी’ म्हणून ओढला, मशीन चादरीत गुंडाळलं आणि त्या तरुणाला घेऊन ठाण्यात आलो. टपालवाले साहेब येऊन बसले होते. ऑपरेटर बाकावर होते. तरुणाला बघताच ताडकन उभे राहिले.

“साहेब, हा काय बोलेल ते लिहू नका! मशीन मी दिलं. माझ्या हाताने दिलं.”

“काका, थांबा.” तरुण माझ्याकडे वळला. “सर, काकांनी फक्त ठेवायला दिलं होतं. बजावून सांगितलं होतं, चालवू नको. मला वाटलं नुसतं ठेवून कोण बघणार? हँडल फिरवलं तर चाललं. आत पैसे शिल्लक होते हे मला माहीत नव्हतं. चूक माझी आहे, माझं नाव लिहा.”

“अरे गप्प बस ना!” ते गृहस्थ ओरडले आणि मग त्यांचा बांध फुटला. इतके दिवस कोरडे राहिलेले डोळे घळाघळा वाहायला लागले. “नोकरी जाईल याची, साहेब. फायर ब्रिगेडसाठी दोन वर्षं धावलाय हा. माझ्यामुळे जाईल. मला तरी कशी बुद्धी झाली! पोस्टात नेलं की फोडणार. म्हटलं, फोडायच्या आधी चार लोकांनी बघू दे. आयुष्य गेलं हो माझं त्याच्यावर. कुणी एकदा तरी बघू दे, एवढंच वाटलं.”

हवालदार खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी टपालवाल्या साहेबांकडे पाहिलं. आता सगळं त्यांच्यावर होतं. तक्रार त्यांची होती, आणि त्यांनी ती रेटली असती तर दुपारी गुन्हा नोंदवण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं. त्यांनी पुष्कळ वेळ मशीनकडे बघितलं. झेंडूची माळ अजून त्यावर होती. त्यांनीच ती काढली आणि टेबलावर ठेवली.

“फसवायचा हेतू कुठे दिसत नाही,” ते म्हणाले. “मशीन आम्ही जप्त करून घेऊन जातो. मंडळाने आणि एजन्सीने लेखी खुलासा द्यावा. वापरलेली रक्कम एजन्सीच्या शिल्लकेतलीच आहे, ते आम्ही आणि मालक बघून घेऊ. पाकिटं नॉटपेड म्हणून, घेणाऱ्याकडून पैसे घेऊन, पोहोचवू. तुम्हाला अर्ज मागे घेतल्याचं पत्र देतो.”

मी एसीपी साहेबांना फोन लावला. अंगारा हा शब्द ऐकल्यावर “काय?” म्हणून ते ओरडले. मग ते म्हणाले, “हे बाहेर कुणाला सांगू नका हं, आपली शोभा होईल.” आणि मोठ्याने हसले. माझ्या छातीवरचा धोंडा तेव्हा कुठे हलला.

हॉस्पिटलच्या बाईंचं पाकीट पोहोचलं तेव्हा मी पोस्टमनबरोबर मुद्दाम गेलो. त्यांनी पुडी सोडली, स्वतःला अंगारा लावला आणि मला म्हणाल्या, “वाक रे, तुका पण लावतंय.” मी वाकलो.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कुणी विचारतं तेव्हा मी सांगतो: पोलिसाने गप्प बसणाऱ्या माणसाला भ्यायला शिकलं पाहिजे. आम्हाला सवय असते की गप्प बसला म्हणजे लपवतोय, लपवतोय म्हणजे गुन्हा केलाय. लपवत तर तो असतोच. पण पुष्कळदा तो स्वतःला लपवत नसतो. त्या प्रकरणानंतर कुणी माझ्यासमोर तोंड मिटून बसलं की मी मशीन कुठे, माल कुठे हे नंतर विचारायचो. आधी विचारायचो, घरी कोण कोण आहे? आणि कुणाच्या नावावर त्याची नजर हलते ते बघायचो. दुसरी गोष्ट म्हणजे घाई. गुन्हा सकाळी नोंदवून टाकला असता तर हुकूम पाळल्याबद्दल मला कुणी एक शब्द बोललं नसतं, आणि एका भल्या घराची राखरांगोळी झाली असती. निवृत्तीनंतरही हा विचार आला की माझ्या अंगावर काटा येतो.

दिवाळीनंतर ते गृहस्थ ठाण्यात आले. तोच पांढरा शर्ट. बोटांवरची शाई मात्र गेली होती. मी चहा मागवला. एजन्सीत कसं चाललंय, असं विचारलं.

“मला जायला सांगितलं,” ते म्हणाले. “नवीन मशीन मालकांच्या कॉम्प्युटरवरच चालतं. माणूस लागत नाही.”

मी मालकाला दोन शेलक्या शिव्या हासडल्या. लेबर कमिशनरकडे जा, मी ओळख देतो, वगैरे बरंच बोललो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“माझं जाऊ द्या, साहेब. जुनं मशीन गेलं, मी पण जाणारच होतो. मी दुसऱ्या कामाने आलोय.” त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. “त्याचं व्हेरिफिकेशन तुमच्याकडेच येणार ना?”

“येऊन गेलं. मागच्या आठवड्यात सही करून पाठवलं.”

“काय लिहिलंत?”

“प्रतिकूल काही नाही.”

“कुठेच त्याचं नाव नाही? डायरीत, रजिस्टरमध्ये, कुठेच?”

“एकाच ठिकाणी आहे,” मी म्हटलं. “अर्जदाराच्या रकान्यात.”

त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मी सांगितलं. चहा तसाच ठेवून ते उठले, नमस्कार केला आणि बाहेर गेले. व्हरांड्यात त्यांनी फोन लावलेला मला ऐकू आला. “अगं,” ते मुलीला म्हणत होते, “तारीख धरून टाका आता. हॉल बघायला लागा.”